मुलामा आणि मूळ धातू

जुन्या वस्तूचा जीर्णोद्धार करणाऱ्याची परीक्षा घ्यावयाची झाली, तर ती त्या वस्तूच्या भव्य व दर्शनी भागावरून न घेता, ज्याच्यावर पाहणाऱ्याची दृष्टी क्षणभरच ठरते अशा एखाद्या किरकोळ अवयवावरून घ्यावी, असे माझे मत आहे. कारण मोठ्या भागांवर पैशाचा, प्रतिष्ठेचा आणि लोकलज्जेचा पहारा असतो, तर किरकोळ भागांची राखण केवळ करणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीकडे असते. जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या चाकाचा नट हा असाच एक अवयव होय. गाडीच्या रंगाविषयी, इंजिनाच्या क्रमांकाविषयी, बैठकीच्या कातड्याविषयी तासन्‌तास वाद घालणारे रसिक या नटाचा प्रश्न एका वाक्यात निकालात काढतात. आणि ते वाक्य बहुधा असे असते की, जुना खराब झाला आहे, नवा मागवा. या निकालाविरुद्ध दाद मागण्यासाठी हा लेख आहे. मूळ नट शक्य तोवर राखावा, आणि त्याच्यावर पुन्हा क्रोम चढवावयाचे झाल्यास खर्चाचा व काळजीचा मोठा वाटा झळाळीकडे न जाता झळाळीखालच्या धातूकडे आणि ती झळाळी चढविणाऱ्या माणसाकडे जावा, असे माझे प्रतिपादन आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एकच गाडी डोळ्यांसमोर ठेवू. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे सर विल्यम लायन्स यांच्या जॅग्वार कारखान्यात, माल्कम सेयर यांच्या रेखाटनांतून साकारलेली ई-टाइप ही गाडी मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जगापुढे आली, आणि पुढे १९९६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने तिचा एक नमुना आपल्या कायम संग्रहात दाखल करून घेतला. या गाडीचे प्रत्येक चाक बहात्तर तारांचे. आणि ते अख्खे चाक मध्यभागी एकाच मोठ्या नटाने जखडलेले. त्या नटाला दोन्ही बाजूंस पंखासारखे दोन कान असत, आणि त्या कानांवर मऊ तोंडाच्या हातोड्याने टोले मारून तो सैल करावयाचा किंवा आवळावयाचा, अशी योजना होती. ही योजना जॅग्वारची स्वतःची नव्हे. त्याच कॉव्हेंट्रीतील रज-व्हिटवर्थ या कारखान्याने विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ती सिद्ध केली होती. आणि अशा झटपट निघणाऱ्या चाकांमुळे शर्यतीत इतका लाभ होई की, १९०८ सालच्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये ती वापरण्यास मनाई करण्यात आली. म्हणजे ई-टाइपच्या चाकावर चमकणारा नट हा अलंकार म्हणून जन्मास आलेला नाही. एका औद्योगिक नगराच्या अर्धशतकाच्या बुद्धीचा तो परिपाक आहे.

त्याची कार्यपद्धती समजून घेतल्याशिवाय त्याच्या जीर्णोद्धाराचा विचार करता येत नाही. इंजिनाकडून व ब्रेककडून येणारा पिळाचा जोर नट सोसत नाही. तो हबवरील बारीक उभ्या खाचा सोसतात, आणि त्या खाचांत चाकाच्या आतल्या खाचा बसतात. नटाचे काम चाकाला त्या जागी घट्ट दाबून धरण्याचे. आणि ते तो आपल्या आतल्या बाजूच्या शंक्वाकृती, म्हणजे उतरत्या गोलाकार, बैठकीने करतो. गाडीच्या डाव्या बाजूच्या नटांचे आटे नेहमीच्या दिशेचे, तर उजव्या बाजूच्या नटांचे उलट दिशेचे असतात. त्यामुळे चाक पुढे धावत असता बैठकीवर जी अतिसूक्ष्म सरक होते, ती नटाला सैल न करता आवळीत जाते. हेच आटे चुकून बाजू बदलून बसविले, तर तीच सरक नट उलगडून टाकील. म्हणूनच नटाच्या दर्शनी पृष्ठावर तो कोणत्या बाजूचा आहे आणि सोडविण्यासाठी कोणत्या दिशेने टोला मारावयाचा, हे अक्षरांनी व बाणाने कोरलेले असते. ही अक्षरे शोभेची नव्हेत. रात्री पावसात, अनोळखी रस्त्यावर चाक बदलणाऱ्या माणसासाठी कारखान्याने देऊन ठेवलेला तो हुकूम आहे. जिनिव्हाच्या त्या प्रदर्शनासाठी दुसरी गाडी तातडीने हवी होती, तेव्हा जॅग्वारचे चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस यांनी कॉव्हेंट्रीहून ई-टाइप हाकीत रातोरात तेथवर नेली. त्या वेगवान प्रवासात चार चाके आपापल्या जागी राखण्याची जबाबदारी अशाच चार नटांवर होती, ही गोष्ट त्यांची योग्यता ठरविताना विसरता येत नाही.

आता ‘मूळ’ कशाला म्हणावयाचे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पंखाचे नट पादचाऱ्यांना व सायकलस्वारांना इजा करतील या भयाने अमेरिकेच्या संघराज्य सरकारने १ जानेवारी १९६८ पासून बाहेर डोकावणाऱ्या अशा कानांना मनाई केली. आणि अमेरिका हीच ई-टाइपची सर्वांत मोठी गिऱ्हाईक असल्याने त्या सुमारास तिकडे जाणाऱ्या गाड्यांना बिनकानांचे, खास पान्याने फिरवावयाचे नट बसू लागले. तो नियम १९९६ मध्ये रद्द झाला, आणि त्यानंतर कित्येक मालकांनी आपल्या गाडीचे बिनकानांचे नट काढून टाकून तेथे कानांचे, अधिक देखणे नट बसविले. त्यांच्या सौंदर्यदृष्टीला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्या गाडीपुरते बोलावयाचे तर त्यांनी खऱ्या नटाच्या जागी खोटा नट आणला, मग तो नवा नट कितीही अस्सल बनावटीचा असो. त्या गाडीच्या जन्मकाळी एका देशाने रस्त्यावरील माणसाच्या सुरक्षिततेसाठी एक कायदा केला होता, ही हकिगत त्या बिनकानांच्या नटात नोंदलेली होती, आणि ती नोंद पुसली गेली. जुन्या वस्तूचे मूळपण तिच्या सर्वांत सुंदर रूपात असते असे नाही. ती ज्या काळी, ज्या कारणाने, जशी घडली, तशी असण्यात ते असते.

यानंतर मुलाम्याकडे वळू. क्रोमियम हा धातू फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ यांनी १७९७ साली सायबेरियातील शिशाच्या एका तांबड्या खनिजातून शोधून काढला. परंतु विजेच्या साहाय्याने त्याचा मुलामा चढविण्याच्या क्रियेला व्यापारी स्वरूप आले ते १९२० च्या दशकात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक यांच्या परिश्रमांमुळे. तेव्हापासून मोटारीची चमक आणि क्रोम हे दोन शब्द लोकांच्या मनात एकच झाले आहेत. वस्तुतः ज्याला आपण क्रोम म्हणून पाहतो त्यात क्रोमचा अंश अत्यल्प असतो. धातूवर प्रथम तांब्याचा थर, त्यावर निकेलचा थर, आणि सर्वांत वर क्रोमचा थर, असा हा क्रम आहे. निकेलचा थर वीस ते तीस मायक्रॉनचा, तर क्रोमचा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. गंजापासून रक्षण करण्याचे खरे काम निकेल करते. निकेल पिवळट पडू नये व त्यावर ओरखडे येऊ नयेत एवढ्यासाठी क्रोमचा तो पारदर्शकप्राय पडदा वरून घातलेला असतो. आणि या पडद्याचा एक कठोर गुण असा की, तो खालचा कोणताही दोष झाकीत नाही. रंग चूक पोटात घालतो. क्रोम ती आरशातल्यासारखी दाखवून देते. एखादा खड्डा, एखादी घाईने मारलेली घासणी, एखादा अर्धवट उतरविलेला जुना थर, यांपैकी प्रत्येक गोष्ट त्या झळाळीतून अधिकच ठळक होऊन बाहेर येते. म्हणून मी म्हणतो की मुलाम्याचे नऊदशांश काम मुलाम्यापूर्वीच पार पडलेले असते.

आणि नेमके तेथेच बहुतेक मूळ नटांचा घात होतो. जुना थर आम्लात किंवा उलट्या विद्युत्प्रवाहाने उतरविल्यावर उघड्या पडलेल्या धातूवर गंजाने पाडलेले खड्डे आणि हातोड्याच्या टोल्यांच्या खुणा दिसतात. त्या नाहीशा करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सोपा व स्वस्त: नट बफच्या चाकावर धरावयाचा आणि खड्ड्याच्या तळापर्यंत सभोवतीची सारी धातू घासून टाकावयाची. या मार्गाने पृष्ठभाग निर्दोष होतो. पण कानांच्या कडा गोलावतात, कोरीव अक्षरे उथळ होऊन अस्पष्ट दिसू लागतात, बाण पुसट होतो, आणि हाती येतो तो चकचकीत परंतु चेहरा गमावलेला नट. दुसरा मार्ग कष्टाचा: धातू शक्य तितकी कमी काढावयाची, खड्डे तांब्याच्या जाड थराने भरून आणावयाचे, तो थर हाताने सपाट करावयाचा, पुन्हा तांबे, पुन्हा जिल्हई, आणि मग निकेल. अक्षरांच्या खाचांत विद्युत्प्रवाह नीट पोहोचत नसल्याने तेथे थर पातळ बसतो व कडांवर मात्र जाड होऊन जळू पाहतो. ही क्रोमच्या हौदाची जन्मजात खोड ओळखून वस्तू टांगण्याची व विद्युदग्रे मांडण्याची तजवीज करणारा कारागीर विरळा असतो. तो सापडल्यावर त्याच्याशी भावाची घासाघीस करणे म्हणजे त्याला पहिल्या मार्गाकडे ढकलणे होय.

दोन गोष्टी याहूनही महत्त्वाच्या आहेत, कारण त्यांचा संबंध रूपाशी नसून जिवाशी आहे. पहिली अशी की, नटाची शंक्वाकृती बैठक आणि आतले आटे यांच्यावर मुलाम्याचा थर चढू देता कामा नये. तेथे धातूचा धातूशी होणारा स्पर्श अचूक मापाचा हवा. मध्ये थर आला तर तो कालांतराने सुटतो, त्याच्या जागी पोकळी राहते, आणि घट्ट आवळलेला नट नकळत सैल पडतो. हे भाग झाकून ठेवावयास सांगणे मालकाचे कर्तव्य आहे, व ते झाकणे कारागिराचे. दुसरी गोष्ट हायड्रोजनची. क्रोमच्या हौदात सोडलेल्या विजेचा अगदी थोडा हिस्सा धातू बसविण्यात खर्ची पडतो. उरलेली बहुतेक वीज पाण्याचे पृथक्करण करून हायड्रोजन मुक्त करण्यात जाते. त्यातला काही वायू पोलादात शिरतो, आणि पोलाद उच्च ताकदीचे असल्यास त्याला आतून ठिसूळ करून सोडतो. त्यावर उपाय ठरलेला आहे: मुलाम्यानंतर थोड्याच तासांत तो भाग सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत काही तास तापवीत ठेवावयाचा, म्हणजे शिरलेला वायू निघून जातो. पितळेच्या नटाला या उपायाची गरज नाही. पोलादाच्या नटाबाबत मात्र धातू कोणती व कितपत कठीण, ही चौकशी आधीच व्हावयास हवी. हे तापविणे डोळ्यांना दिसत नाही, त्याने झळाळीत कणभर भर पडत नाही. म्हणूनच ते वगळले जाण्याचा धोका अधिक.

यावर कोणी म्हणेल की, इतक्या उपद्व्यापापेक्षा नवा नट आणणे शहाणपणाचे नाही काय? नवा नट स्वच्छ, निर्दोष आणि पुष्कळदा जुन्याच्या पुनर्मुलाम्याहून स्वस्तही असतो. या आक्षेपात जेवढे तथ्य आहे तेवढे मी निःसंकोच मान्य करतो. ज्या नटाला चीर गेली आहे, ज्याचे आटे झिजले आहेत, ज्याची बैठक वाकडी झाली आहे, तो नट रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला लावण्याचा हट्ट धरणे हा इतिहासप्रेमाचा नव्हे, अविचाराचा मार्ग आहे; माणसाच्या प्राणापुढे कोणत्याही धातूचे मूळपण थोर नाही. तेथे नवा नट बसवावा, जुना जपून ठेवावा आणि बदल लिहून ठेवावा. परंतु बहुसंख्य नट केवळ कुरूप झालेले असतात, निकामी झालेले नसतात; आणि कुरूपता हा बडतर्फीचा गुन्हा नव्हे. नव्या प्रतिकृतीत अक्षरांची ठेवण निराळी, कानांची वक्रता निराळी, वजन निराळे, आणि मुख्य म्हणजे त्या गाडीबरोबर कंठलेली साठ वर्षे तिच्याजवळ नाहीत. असे एकेक अवयव ‘स्वस्त पडतो’ म्हणून बदलीत गेलो, तर शेवटी गाडीचे नाव व कागदपत्रे तेवढी जुनी राहतील.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिव्हा या संस्थेने, २०१२ साली स्वीकारलेल्या ट्यूरिनच्या सनदेत हाच विचार तत्त्वरूपाने मांडलेला आहे. इमारतींच्या संरक्षणासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिसच्या सनदेचा आदर्श समोर ठेवून ती सनद सांगते की, जतन हे पहिले, जीर्णोद्धार त्यानंतर, आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद अनिवार्य. लेण्यांतील चित्रांवर नवा रंग चढवू नये, किल्ल्याच्या तटाला सिमेंटचा गिलावा करू नये, हे आपल्या समाजाला आता पटू लागले आहे. यंत्रयुगाच्या वस्तूंना मात्र ही मर्यादा लागू नाही, अशी आपली अद्याप समजूत आहे. ही समजूत दृढ करण्याची जबाबदारी प्रदर्शनांच्या परीक्षकांवरही येते. कारखान्यातून निघाली तेव्हाही नसेल इतकी चमक गाडीत शोधून तिला गुण देण्याची रीत जोवर चालू आहे, तोवर मालक मूळ नट घासून काढतील किंवा फेकून देतील. टोल्याच्या प्रामाणिक खुणेबद्दल गुण कापू नयेत, आणि कामाची लेखी टाचणे दाखविणाऱ्याला गुण वाढवून द्यावेत, एवढा बदल झाला तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

मी आरंभी म्हटले की, काळजीचा एक वाटा मुलामा चढविणाऱ्या माणसाकडे जावा. पोलादात शिरणाऱ्या हायड्रोजनचा उल्लेख वर आला; त्याच हायड्रोजनचे बुडबुडे हौदाच्या पृष्ठभागावर फुटतात, तेव्हा ते क्रोमिक आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत उडवितात, आणि ते तुषार हौदाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या नाकात व फुप्फुसांत जातात. या आम्लातील क्रोमियम षट्संयुजी म्हणून ओळखले जाते. त्याने नाकाच्या पडद्याला छिद्रे पडतात, आणि त्यामुळे कर्करोग होतो असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्येच दिला आहे. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१७ पासून खास परवानगीवाचून त्याचा वापर बंद केला, आणि कॅलिफोर्निया राज्याने शोभेच्या मुलाम्यातून ते हद्दपार करण्याचा नियम २०२३ मध्ये संमत केला. आपल्याकडे मुलाम्याचे कारखाने प्रदूषणाच्या ‘लाल’ वर्गात मोडतात, आणि नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यात या क्रोमियमचे प्रमाण लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असा दंडक आहे. दंडक चांगला आहे. परंतु अरुंद गाळ्यात, वायू ओढून घेणाऱ्या पंख्यावाचून आणि हातमोज्यांवाचून चाललेले काम स्वस्त पडते आणि आपण त्या स्वस्ताईचे गिऱ्हाईक होतो, तेव्हा तो दंडक मोडण्यात आपलाही हिस्सा असतो.

त्रिसंयुजी क्रोमचा मुलामा हा पर्याय उपलब्ध आहे. त्याचे विष पुष्कळ कमी, परंतु त्याची छटा जुन्या क्रोमच्या निळसर छटेहून किंचित निराळी, थोडी गडद असते; आणि एवढ्या कारणासाठी कट्टर रसिक त्याला नाक मुरडतात. मी मूळपणाचा इतका कैवार घेऊनही येथे त्यांच्या विरुद्ध बाजूस उभा आहे, आणि त्यात मला विसंगती दिसत नाही. मूळपण धातूत आहे, घडणीत आहे, अक्षरांत आहे. सर्वांत वरचा अर्धा मायक्रॉन थर हा तसाही नवा, आजच चढविलेला असतो. त्याच्या छटेसाठी एखाद्याचे फुप्फुस गहाण टाकण्याचा अधिकार कोणत्याही गाडीच्या मालकाला नाही. आणि ज्याला ती जुनी छटाच हवी, त्याने आम्लाचे तुषार शोषणारी व सांडपाणी शुद्ध करणारी व्यवस्था चोख राखणाऱ्या कारखान्यातच जावे, व तेथे लागणारे दाम खळखळ न करता मोजावे.

या विषयाशी आपला महाराष्ट्राचा संबंध केवळ हौसेपुरता नाही. मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या टाटा मोटर्सने २००८ साली जॅग्वार कंपनी विकत घेतली, तेव्हापासून कॉव्हेंट्रीच्या या वारशाचे पालकत्व एका परीने आपल्याकडे आले आहे. त्याशिवाय केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली, आणि चॅसिस, बॉडी व इंजिन यांत मूलभूत फेरफार झालेला नसावा अशी अट तीत घातली. कायद्याने मोठ्या भागांचा बंदोबस्त केला, हे योग्यच झाले. नटांपर्यंत कायदा पोहोचणार नाही व पोहोचूही नये. तेथून पुढे मालकाचा विवेक सुरू होतो, आणि त्या विवेकाला काही साध्या शिस्तीची जोड देता येते. नट पाठविण्यापूर्वी त्याची छायाचित्रे, वजन आणि मापे नोंदवावीत. कोणता नट कोणत्या चाकाचा ते लिहावे. काय घासावे, काय भरून आणावे, कोणता भाग कोरा राखावा, हे कारागिराला लेखी द्यावे. आणि काम होऊन आल्यावर ती टाचणे गाडीच्या दफ्तरात ठेवावीत. मुंबई-पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या मंडळांनी जबाबदारीने काम करणाऱ्या मुलामाकारांची यादी तयार करून सभासदांना त्यांच्याकडेच पाठविले, तर चांगले कसब जगेल आणि वाईट स्वस्ताईची गिऱ्हाइकी घटेल.

या शिस्तीसाठी अधिक वेळ लागेल, अधिक पैसा लागेल, आणि शेवटी जो नट हाती येईल तो नव्याइतका निष्कलंक दिसणार नाही, हे मी जाणतो. तथापि त्या नटावरील अक्षरे वाचता येतील, त्याची बैठक खरी असेल, तो चाकाच्या ज्या कामासाठी घडला ते काम निर्धोकपणे करील, आणि त्याला पुन्हा उभे करताना कोणाच्या आरोग्याची आहुती पडलेली नसेल. जीर्णोद्धार या शब्दाला शोभेल असे काम याहून कमी अटींवर होत नाही; आणि ज्याला या अटी जड वाटतात, त्याने जुना नट आहे तसा, डागांसह, पुसून व तेल लावून वापरावा, हेच त्या वस्तूवर आणि आपल्यावर उपकारक ठरेल.